बिनमार्कांचा बाक

आमच्या इमारतीत असा एक गैरसमज पसरलेला आहे, की जिन्यात बाक बसवायचं खूळ माझ्या डोक्यातून निघालं. वास्तविक बाक माझ्या मुलीला बसवायचा होता. मला फक्त गप्प बसायचं होतं. दोन्हींपैकी अवघड काम माझ्या वाट्याला आलं होतं, हे आजवर एकाही माणसानं मान्य केलेलं नाही.

झालं असं, की मुलीनं दहावीनंतर आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम घेतला. का घेतला, कोणाच्या नादानं घेतला, आणि 'साधं कॉलेज काय वाईट होतं' असं कोण कोण म्हणालं, यात मी शिरत नाही. घेतला. मग शाळेनं पालकांची सभा बोलावली आणि समन्वयक मॅडमनी आम्हाला पडद्यावर एक वर्तुळ दाखवलं. वर्तुळाच्या मध्यभागी विद्यार्थी असतो, असं त्या म्हणाल्या. आमच्या वेळी मध्यभागी मास्तर असायचे आणि विद्यार्थी कडेला, शक्यतो दाराजवळ.

विद्यार्थ्याभोवती सहा कप्पे होते. एक आपली भाषा, एक परकी भाषा, एक माणूस आणि समाज, एक विज्ञान, एक गणित आणि एक कला. प्रत्येक कप्प्यातून एकेक विषय उचलायचा. कला नको असेल तर तिच्या जागी दुसरं विज्ञान वगैरे घेता येतं, हे ऐकताच सभेतल्या निम्म्या पालकांनी सुटकेचा श्वास सोडला. सहापैकी तीन विषय खोलवर शिकायचे आणि तीन बेताचे. मॅडमनी 'उथळ' हा शब्द वापरला नाही, पण मी मनातल्या मनात वापरला.

मी वजनमापे कार्यालयात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खरे असतील तर शिक्का मारायचा, खोटे असतील तर आधी त्यांची कैफियत ऐकायची आणि मग दंड ठोकायचा, हा माझा व्यवसाय. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की तिचं वजन किती, हाच प्रश्न मला आधी सुचतो. मी हात वर केला आणि विचारलं, "एकूण मार्क किती?"

मॅडम म्हणाल्या, प्रत्येक विषयाला सात. शिवाय ज्ञान नावाचा एक विषय आणि एक लांबलचक शोधनिबंध, या दोघांना मिळून तीन. म्हणजे पंचेचाळीस. जगातल्या समस्त ज्ञानाला तीन मार्कसुद्धा पुरते नाहीत, त्यातही निबंध भागीदार, याची मला गंमत वाटली. ज्ञान म्हणजे नेमकं काय शिकवणार, असं मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "आपल्याला जे माहीत आहे, ते आपल्याला कशावरून माहीत आहे, हा तो विषय." गृहस्थ खाली बसले आणि सभा संपेपर्यंत उठले नाहीत.

"आणि शेवटचा भाग," मॅडम म्हणाल्या, "सर्जन, हालचाल आणि सेवा. याला मार्क नाहीत."

आम्ही सगळ्यांनी पेनं खिशात ठेवली.

"पण हा भाग पूर्ण झाला नाही, तर पदविका मिळत नाही. बाकी विषयांत पंचेचाळीसपैकी पंचेचाळीस मिळाले तरी नाही."

आम्ही सगळ्यांनी पेनं परत काढली. मॅडम पुढे सांगत होत्या. या भागात विद्यार्थ्यानं एक प्रकल्प करायचा. तो त्यानं स्वतः सुचवायचा, स्वतः आखायचा, स्वतः पार पाडायचा, आणि नंतर बसून त्यावर स्वतःच विचार करायचा. पालकांनी हात लावायचा नाही. पालकांचा हात लागला असं दिसलं, तर प्रकल्प बाद. पालकांनी फक्त प्रोत्साहन द्यायचं. एवढं बोलून त्यांनी सभेवरून नजर फिरवली, ती माझ्यावर येऊन थांबली. मी तेवढ्यातल्या तेवढ्यात प्रोत्साहन देणाऱ्या माणसासारखा चेहरा केला.

मुलीनं प्रकल्प निवडला तो आमच्या घरातला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, गुडघ्यानं दगा दिल्यापासून घरातच होते. डॉक्टर म्हणत, रोज खाली जा, चाला, पण मध्ये बसून दम घ्या. मध्ये बसायचं कुठं, हे डॉक्टर सांगत नसत, कारण डॉक्टर तळमजल्यावर राहतात. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, जिथं जिना जरा मोकळा होतो, तिथं एक बाक ठेवायचा, असं तिनं ठरवलं. शाळेनं ते मंजूर केलं. शेवटच्या परीक्षेआधी प्रकल्प पुरा व्हायला हवा होता.

"बाबा," ती मला म्हणाली, "तू काहीही करायचं नाहीस."

"मी कशाला काय करतोय?" मी म्हणालो आणि मनापासून म्हणालो. पण तिच्यामागे सहा विषय हात धुऊन लागलेले. इतिहासाचा निबंध, विज्ञानाचे प्रयोग, परक्या भाषेत एखाद्या काल्पनिक हॉटेलवाल्याशी भांडण. पोर वाळत चालली होती. अशा वेळी जन्मदात्यानं एक साधा अर्ज लिहून दिला, तर त्याला हात लावणं म्हणत नाहीत, बोट लावणं म्हणतात. मी इमारतीच्या सेक्रेटरींना अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं रीतसर. वर 'शालेय प्रकल्पाबाबत' असं लिहून शाळेचं नावही टाकलं, म्हणजे वजन पडावं. आणि सरकारी नोकरीची सवय नडली ती इथं, की खाली अर्जदार म्हणून सही ठोकली ती माझी.

आमचे सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहतात. निवृत्तीनंतर त्यांना काम उरलं नाही, म्हणून आम्ही त्यांना सेक्रेटरी केलं आणि तेव्हापासून आम्हाला उसंत उरली नाही. अर्ज मिळताच त्यांनी सभा बोलावली. एका बाकासाठी सभा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आज बाक आहे, उद्या पलंग येईल."

सभेला झाडून सगळे आले. पाण्याच्या टाकीसाठी कधी चार माणसं जमत नाहीत, पण दुसऱ्याच्या अर्जावर मत द्यायचं म्हटलं की आमच्या इमारतीत उत्साहाला तोटा नसतो. एकाचं म्हणणं पडलं, बाक ठेवला की त्यावर मांजरं बसतील. दुसऱ्यांना मांजरांचं काही नव्हतं, त्यांना विक्रेते बसतील ही धास्ती. तळमजल्यावरचे शेजारी, ज्यांना जिना चढायची वेळ वर्षातून एकदा गच्चीची किल्ली मागायला येते, त्यांनी बाकाला पाठ असावी की नसावी यावर बराच वेळ घेतला. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, ज्यांचा दवाखाना घरातच आहे, ते म्हणाले, "बाक असला तर माझे पेशंट तिथं बसतील आणि आत यायचा धीर खचून परत जातील." हे मात्र मला पटलं, कारण मी स्वतः दोनदा तसा परत गेलेलो आहे.

शेवटी ठरलं, की अग्निशमन कार्यालयाची हरकत नसेल, तर सोसायटीची हरकत असणार नाही. म्हणजे हरकत घ्यायचं काम पुढे ढकललं. सभा संपल्यावर सेक्रेटरींनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि 'प्रकल्पप्रमुख' म्हणून माझी पाठ थोपटली. मुलगी दारात उभी होती. तिनं ते ऐकलं.

"प्रकल्पप्रमुख कोण?" घरी आल्यावर तिनं विचारलं.

"ते आपलं म्हणायची पद्धत असते," मी म्हणालो.

"बाबा, उद्या मॅडमनी सेक्रेटरी काकांना विचारलं, तर ते तुझं नाव सांगतील. प्रकल्प बाद होईल. दोन वर्षं पाण्यात."

"तू म्हणतेस तसं मॅडम कशाला विचारायला येतील?"

"त्या येणार नाहीत, हे तुला कशावरून माहीत?"

हे एक नवीन दुखणं घरात आलं होतं. ज्ञानाचा विषय सुरू झाल्यापासून आमच्याकडे कुठलंही विधान सुखानं करता येत नव्हतं. पाऊस येईलसं वाटतं म्हणालो, की 'वाटतं की माहीत आहे' असा प्रश्न. मीठ कमी आहे म्हणालो, तर 'कोणाच्या जिभेला' असा प्रश्न. बायकोला हा विषय फार आवडला. अभ्यासक्रमातला एवढा एकच भाग तिनं स्वतः आत्मसात केला आणि तो रोज माझ्यावर वापरून बघितला.

मी कानाला खडा लावला, आता या भानगडीत पडायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी अग्निशमन कार्यालयात गेलो. याचं कारण साधं आहे. मुलीनं तिथं जायला विज्ञानाचा तास बुडवला असता, आणि विज्ञान तिच्या खोल विषयांपैकी होतं. मी तर नुसता कार्यालयातून निघालो होतो. तिथं तास नावाची गोष्टच नसते.

अग्निशमन कार्यालयातल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. "बाक पक्का बसवणार की हलता?"

"म्हणजे?"

"पक्का बसवलात तर ते बांधकाम झालं. जिन्यात बांधकाम चालत नाही. हलता ठेवलात तर तो अडथळा झाला. जिन्यात अडथळा चालत नाही."

"मग कसा ठेवायचा?"

"ते मी कसं सांगू? मी परवानगी देणारा आहे, बाक करणारा नाही."

सरकारी माणसाला सरकारी माणसाची भाषा कळते. मी म्हणालो, "आणि भिंतीला बिजागरीनं लावलेला, घडीचा असला तर? उघडतो-मिटतो म्हणजे बांधकाम नाही, मिटला की अडथळा नाही."

साहेबांनी माझ्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं. नियमांत अशा वस्तूचा उल्लेख नव्हता, आणि उल्लेख नाही म्हणजे मनाई नाही, असं त्यांनी मला तोंडी सांगितलं. लेखी मागितलं तर लगेच मनाई झाली असती, म्हणून मी लेखी मागितलं नाही. नोकरीत एवढं तरी शिकलो आहे.

आता घडीचा बाक करणं आलं. सुतार म्हणाला, परवा देतो. सुताराचा परवा कधी येतो, हे ज्ञानाच्या विषयातसुद्धा सांगता यायचं नाही. तो अखेर उगवला तेव्हा बाक घेऊनच आला आणि मुलगी शाळेत असताना त्यानं तो भिंतीला ठोकूनही टाकला. बाक उघडला की दिसायला छान होता. मिटला की कपाट चोरीला जाऊन भिंतीवर नुसतं दार उरल्यासारखं दिसत होतं. पण एकंदरीत माझं समाधान झालं. मुलीला संध्याकाळी आश्चर्याचा धक्का द्यायचा, एवढंच उरलं होतं.

इथं मी थांबलो असतो तर ही कथा इथंच थांबली असती. पण मी वजनमापे निरीक्षक आहे. उद्या अण्णा त्या बाकावर बसणार, आणि तो किती वजन पेलतो याची कुठेही नोंद नाही, हे माझ्या मनाला पटेना. सुतार म्हणाला, "साहेब, मी बसून बघतो." मी म्हणालो, तुझं वजन प्रमाणित नाही. आणि मी कार्यालयातून तपासणीची लोखंडी वजनं आणली. ती रिक्षातून आणली, पुढे एकेक करून जिना चढवली, आणि प्रत्येक फेरीला वाटेत भेटणाऱ्या शेजाऱ्यांनी विचारलं, की व्यायाम सुरू केला का.

एकेक वजन मी बाकावर अलगद ठेवत गेलो. अण्णांचं वजन झालं, बाक हलला नाही. अण्णांवर माझंही वजन झालं, बाक ढिम्म. मला अभिमान वाटला. इथवर पुरे, असं सुतार म्हणाला. पण तपासणी नेहमी गरजेच्या वर जाऊन करायची असते, असा नियम आहे. मी शेवटचं वजन ठेवलं आणि बाकानं भिंत सोडली.

एकट्यानं सोडली नाही. सोबत प्लास्टर घेतलं, दोन विटा घेतल्या. लोखंड जिन्यावरून गडगडत दुसऱ्या मजल्यावर गेलं. त्या भिंतीच्या पलीकडे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी त्यांची दोन बोटं एका पेशंटच्या तोंडात होती, हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. पेशंट दचकला. माणूस दचकला की दात आवळतो.

डॉक्टर बाहेर आले ते एक हात दुसऱ्या हातात धरून. भिंतीला पडलेल्या भोकातून त्यांची खुर्ची दिसत होती आणि खुर्चीतून तो पेशंट, तोंडात कापूस, माझ्याकडे बघत होता. मी डॉक्टरांना म्हणालो, निदान बाक नेमका किती वजनाला मोडतो ते आता कळलं. ही माहिती त्यांना त्या वेळी उपयोगी वाटली नाही.

बोटं दुखत असल्यामुळे डॉक्टरांनी तक्रार त्यांच्या बायकोकडून लिहवून घेतली, आणि एक प्रत शाळेला पाठवली. शाळेचं नाव त्यांना शोधावं लागलं नाही. ते माझ्याच अर्जावर ठळक अक्षरांत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन दिवसांत मॅडमचा मुलीला निरोप आला, की प्रकल्प नक्की कोणाचा आहे हे बघायला त्या स्वतः घरी येणार आहेत, आणि त्यावर पुढचं ठरेल.

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती टेबलाशी बसली, सहा विषयांच्या पुस्तकांकडे बघत, आणि म्हणाली, "एवढा अभ्यास कशासाठी केला मग?" मी काहीतरी समजूत घालायला तोंड उघडलं, तर बायको म्हणाली, "अहो, आता तरी." मी तोंड मिटलं. मला खरोखर वाईट वाटलं. इतकं, की त्या दिवशी मी ठरवलं आणि पाळलंही, की काही झालं तरी जिन्यातल्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. मोडका बाक बाल्कनीत नेऊन टाकला, तेवढाच शेवटचा हात.

मग पोरगी उठली आणि अण्णांच्या खोलीत गेली. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"आजोबा, तुम्हाला बाक हवाय, असं आम्ही सगळे धरून चाललोय. पण हवाय का तुम्हाला?"

 "विचारलंस ते बरं केलंस," अण्णा म्हणाले. "त्या भिंतीपाशी बसून मी बघणार काय, दातांच्या डॉक्टरांची पाटी? आत लोक ओरडत असतात. मला तिथं खिडकीत बसायला आवडलं असतं. ऊन येतं, खालचा रस्ता दिसतो. पण तिथं कुंड्या आहेत."

खिडकी होतीच. त्याच वळणावर, समोरच्या भिंतीत, कमरेच्या खाली खोल कोनाडा सोडलेली जुनी खिडकी. कोनाड्यात सेक्रेटरींच्या कुंड्या होत्या, उन्हासाठी म्हणून ठेवलेल्या आणि पाण्यावाचून कधीच वाळून गेलेल्या. मी त्या जिन्यात मोजपट्टी घेऊन इतक्या वेळा उभा राहिलो होतो, पण दुसऱ्याच्या कुंड्या म्हणजे भिंतच, अशी माझी समजूत. मुलगी सेक्रेटरींकडे गेली आणि म्हणाली, "काका, कुंड्या तुमच्या गॅलरीत ठेवू का? मी रोज पाणी घालीन." सेक्रेटरी, ज्यांनी बाकाला अडथळा म्हणून तासभर सभा चालवली होती, ते स्वतः कुंड्या उचलायला आले. मग तिनं मोजमाप घेतलं, एक जाड फळी कापून आणली, कडा घासल्या, कोनाड्यात बसवली. फळी जिन्यात बोटभरही पुढे येत नव्हती. म्हणजे अडथळा नाही. ठोकलेली नव्हती. म्हणजे बांधकामही नाही. फळी किंचित तिरकी बसली होती. मी ते पाहिलं, हात खिशात घातले आणि वर निघून गेलो. नंतर तिनं ती स्वतःच सरळ केली.

मॅडम आल्या त्या दिवशी जिन्यात लग्नघरासारखी गर्दी. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं, पण वरच्या मजल्यांवरच्या सगळ्यांना त्याच वेळी खाली जायचं होतं आणि खालच्या सगळ्यांना वर. मॅडम अडीच मजले चढून त्या वळणावर पोचल्या, धापा टाकत फळीवर टेकल्या आणि दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत. मुलीच्या बाजूनं केलेलं इतकं चांगलं भाषण मी दुसरं ऐकलं नाही.

मग त्यांनी वही उघडली. "मला एवढंच जाणून घ्यायचंय, की यात वडिलांनी काय काय केलं?"

मुलगी बोलणार, तोच सेक्रेटरी पुढे झाले. "त्यांनी? छे. ते काय करणार?"

"अर्ज त्यांचा आहे," मॅडम म्हणाल्या.

"अर्ज ते नेहमीच करतात," सेक्रेटरी म्हणाले. "कुठलंही काम झाल्याचं मला आठवत नाही."

डॉक्टरांनी पट्टी बांधलेली बोटं वर केली. "मॅडम, तक्रार माझी होती. पण त्याला मदत म्हणणं म्हणजे मदत या शब्दाचा अपमान होईल." जिन्यातून सगळीकडून दुजोरा आला. तळमजल्यावरच्यांनी मी मागे पाण्याची टाकी दुरुस्त केली होती, त्याची हकीकत काढली. ज्यांच्यासाठी मी वर्षानुवर्षं फुकटात तराजू तपासून दिले, ती माणसं मन लावून माझा नाकर्तेपणा सिद्ध करत होती. बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "घरातला साधा बल्ब बदलायचा तरी मी इलेक्ट्रिशियन बोलावते. हे घरी नसताना." शेवटी वरून काठी टेकत अण्णा आले. त्यांनाही विचारलं गेलं. ते म्हणाले, "लहानपणापासून असाच आहे. हात घालतो, पण लागत कशालाच नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या जिभेवर अग्निशमन कार्यालय होतं, सुतार होता, रिक्षात घातलेलं लोखंड होतं. मी म्हणालो, "मी काहीही केलेलं नाही." आयुष्यात इतकं महागडं वाक्य मी बोललो नव्हतो.

मॅडमनी लिहायला सुरुवात केली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "खोटं आहे, मॅडम."



"बाबानं खूप केलं. अर्ज त्यानं केला, परवानगीला तो गेला, सुतार त्यानं आणला. बाक त्यानं बसवला आणि त्यानंच मोडला. तो बाक आमच्या बाल्कनीत आहे, बघायचा असेल तर दाखवते. ही फळी मी केली. पण त्यानं तो सगळा घोळ घातला नसता, तर मी तो भिंतीचाच बाक केला असता आणि आजोबांना काही विचारलंही नसतं."

मॅडमचं पेन थांबलं. मी तिला खुणा करत होतो, गप्प बस, म्हणून. ती माझ्याकडे बघत नव्हती. हात खाली सोडून सरळ उभी होती. पदविका जाणार हे तिला दिसत होतं, तरी उभी होती. पोर कधी एवढी मोठी झाली, हे मला कळलं नाही, आणि कशावरून माहीत असं कोणी विचारलं असतं, तर मला तिच्याकडे बोट दाखवावं लागलं असतं.

"या भागात एक मुद्दा असतो," मॅडम सावकाश म्हणाल्या. "विद्यार्थ्यासमोर खरंखुरं आव्हान असावं आणि त्यानं ते पार करावं. बऱ्याच मुलांना आव्हानच सापडत नाही. कुठून तरी ओढूनताणून आणतात." त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझं मात्र अस्सल आहे. वडिलांची नोंद मी आव्हान म्हणून करते. प्रकल्प मंजूर."

टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी माझं अभिनंदन केलं. डॉक्टरांनी न चावलेला हात पुढे केला. वजनमापे कार्यालयात इतकी वर्षं घासल्यावर माझी कागदोपत्री अशी पहिली नोंद झाली, की मी होतो आणि माझ्यावर मात करण्यात आली. बायकोला याचं इतकं हसू आलं, की कप परत न्यायचे राहिले.

हळूहळू जिना रिकामा झाला. अण्णा कोनाड्यातल्या फळीवर बसले होते. पाठीवर ऊन, नजर खाली रस्त्यावर. थोड्या वेळानं ते काठी टेकून उठले आणि काही न बोलता खालच्या पायऱ्या उतरू लागले. एक हात कठड्यावर, एक पाय, मग दुसरा. मी जिथं होतो तिथंच राहिलो. माझा हात पुढे झाला होता, तो मी परत घेतला. शिकलो होतो ना आता.

अण्णा वळणाआड गेले. पावलं ऐकू येत होती, मग थांबली. मग त्यांचा आवाज आला. "अरे, येतोयस की नाही? रस्ता ओलांडायचाय."

मी मुलीकडे पाहिलं.

"जा की, बाबा," ती म्हणाली. "हे प्रकल्पात नाही."

मी दोन-दोन पायऱ्या उतरत सुटलो, आणि खालून अण्णा म्हणाले, "जपून. पडशील."